आलं, गूळ आणि व्हिनेगरचं स्विचेल: बडोद्याच्या उन्हात टिकेल असं कसं करायचं?

कारेलीबाग_कट्टा

पन्हं, कोकम, वाळ्याचं सरबत हे घरात होतंच. या उन्हाळ्यात स्विचेल करायचं आहे. न्यू इंग्लंडकडे गवतकापणीच्या दिवसांत शेतावर नेत ते, पाणी, आलं, व्हिनेगर आणि गोडाला मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक) किंवा मेपल सिरप घातलेलं. सोसायटीत रविवारी सकाळी श्रमदान आहे, वीस-बावीस माणसांना पुरेल इतकं हवं.

अडचण अशी, की सापडणाऱ्या सगळ्या कृती ॲपल सायडर व्हिनेगर नि मेपल सिरपच्या आहेत. इथे नवसारीचा उसाचा सरको (व्हिनेगर) मिळतो, तो चालेल का? गूळ घ्यावा की काकवी? आलं कच्चं किसून घालायचं की उकळायचं? शिवाय नमुन्याला केलेल्या बाटलीत तळाला पांढरा गाळ बसला, आणि ओट्यावर राहिलेली बाटली दुसऱ्या दिवशी उघडताना फस्सकन फेस वर आला. व्हिनेगर असूनही आंबतं कसं?

रावपुरेकर

सरको चालेल, उलट गुळाशी तोच जास्त जमतो. दोन्ही उसाचेच, त्यामुळे चव एकमेकांत मिसळते. सफरचंदाच्या व्हिनेगरचा फळाचा वास गुळाखाली दबून जातो, मग त्याला जास्त पैसे कशाला मोजायचे?

तयार सरबत साठवू नका. दाट अर्क करून फ्रिजमध्ये ठेवा आणि प्यायच्या वेळी पाणी घाला. एका घाणीला, म्हणजे एका वेळी करायच्या अर्काला, हे प्रमाण घ्या: काळपट गूळ ३०० ग्रॅम, पाणी ३०० मिली, आलं १०० ग्रॅम, ४ टक्के आम्लतेचं व्हिनेगर २०० मिली, मीठ सपाट एक चहाचा चमचा. यातून साधारण ७०० मिली अर्क निघतो. एका ग्लासला (२०० मिली) ३५ मिली अर्क, म्हणजे एका घाणीत वीस ग्लास. बर्फ घालणार असाल तर ४५ मिली घ्या, नाहीतर शेवटचे घोट पाणचट लागतात. लिटरच्या हिशेबात १७५ मिली अर्क आणि ८२५ मिली पाणी.

आल्याचे दोन वाटे करा, ६० आणि ४० ग्रॅम. साठ ग्रॅम आलं खलबत्त्यात नुसतं ठेचून घ्या, वाटू नका. गूळ आणि पाणी स्टीलच्या पातेल्यात ठेवा, गूळ विरघळला की ठेचलेलं आलं टाका आणि मंद आचेवर झाकून सहा-सात मिनिटं उकळा. गॅस बंद करून आणखी वीस मिनिटं तसंच राहू द्या. मग पातळ सुती कापडातून गाळा. कापड हवंच, गुळातली माती आणि चिपाडाची कुसळं चहाच्या गाळणीतून सरळ खाली जातात.

उरलेलं चाळीस ग्रॅम आलं बारीक किसणीवर किसून त्याचा रस पिळा. तो वाटीत पंधरा मिनिटं अजिबात न हलवता ठेवा. तळाला चुन्यासारखा पांढरा थर धरतो. तुमचा गाळ म्हणजे हाच, आल्यातला स्टार्च. वरचा पिवळा रस हलक्या हाताने ओतून घ्या आणि थर टाकून द्या. हा रस गुळाच्या पाण्यात घालायचा तो पाणी कोमट झाल्यावरच. उकळत्यात घातलात तर राहिलासाहिला स्टार्च शिजतो आणि अर्क खळीसारखा गढूळ होतो, मग कितीही गाळा, नितळ होत नाही.

दोन वाटे यासाठी, की उकळलेल्या आल्याने घशात उतरणारा तिखटपणा येतो आणि कच्च्या रसाने लिंबासारखा ताजा वास. नुसतं उकळलं तर काढ्यासारखं लागतं, नुसतं कच्चं घातलं तर वास छान पण पाणी घातल्यावर फिकं.

व्हिनेगर सगळ्यात शेवटी, पातेलं पूर्ण गार झाल्यावर. गरम पातेल्यात ओतलं तर वाफ डोळ्यांत जाते, आम्लही थोडं उडून जातं आणि सरक्याचा वास स्वयंपाकघरातच संपतो. बाटलीत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी व्हिनेगर नाकाला लागतं, दुसऱ्या दिवशी ते मागे सरतं. रविवारसाठी करायचं तर शुक्रवारी रात्री करा.

आलं घेताना एक बघा. एप्रिल-मेमध्ये खंडेराव मार्केटात बहुतेक निबर आलं मिळतं, रेषाळ पण तिखट. या कामाला तेच बरं. कोवळं मिळालं तर शंभरच्या जागी सव्वाशे ग्रॅम घ्या.

टायट्रेशन

वरच्या कृतीत "४ टक्के" हा शब्द महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच सोडून देतात. व्हिनेगर मिलीलिटरमध्ये मोजून भागत नाही, लेबलवरची आम्लता बघा. बाजारात ४, ५, ६ अशा सगळ्या टक्क्यांचं मिळतं. हिशोब सोपा: २०० ला ४ ने गुणा आणि लेबलवरच्या आकड्याने भागा. पाच टक्क्यांचं असेल तर १६० मिली, सहा टक्क्यांचं असेल तर १३५ मिलीच्या आत. जेवढं व्हिनेगर कमी झालं तेवढं पाणी वाढवा. "सरबत घशाला लागतं" या तक्रारीमागे बहुतेक वेळा सहा टक्क्यांचं व्हिनेगर चारच्या मापाने घातलेलं असतं.

लेबलवर "सिंथेटिक" लिहिलं असेल तर ते ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं असतं. चायनीजच्या गाडीवरच्या मिरच्यांना ठीक, पण ग्लासभर प्यायच्या वस्तूत त्याचा कोरा, बोचरा वास लपत नाही. ब्रूड म्हणजे आंबवून केलेलं घ्या. आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड किंवा व्हिनेगर एसेन्स नावाने मिळणारं तीव्र द्रावण "पातळ करून वापरू" म्हणून घरात आणूच नका, ते कातडी भाजतं.

आता फेसाबद्दल. लोणचं व्हिनेगरमध्ये टिकतं म्हणून सरबतही टिकेल, असं होत नाही. तुमच्या प्यायच्या सरबतात आम्ल भरतं जेमतेम पाव टक्का. आल्याच्या सालीवर आणि गुळात यीस्ट असतंच, त्याला इतका आंबटपणा बाधत नाही, आणि लिटरमागे पाऊणशे ग्रॅम गूळ म्हणजे त्याला पंगतच. बडोद्यातलं चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन, त्यात बंद बाटली. चोवीस तासांत गॅस धरणारच. काचेची घट्ट झाकणाची बाटली असेल तर ती फुटू शकते, म्हणून फुगलेली दिसली की सिंकमध्ये, कापड टाकून, हळूहळू उघडा. ते सरबत पिऊ नका.

दाट अर्कही बाहेर ठेवायचा नाही. बाजारच्या सिरपमध्ये साखर ६५ टक्क्यांच्या आसपास असते म्हणून ते कपाटात राहतं. या अर्कात गोड त्याच्या निम्म्याहून थोडंच वर आहे. फ्रिजमध्ये दोन आठवडे धरून चाला, तेही बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली असेल आणि ओला चमचा घातला नसेल तर. पृष्ठभागावर पांढरी साय किंवा बुरशीचा ठिपका दिसला की सगळं टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका.

भांडी: स्टील, काच, चिनीमाती. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नाही. आम्लाने धातू उतरतो, आणि कल्हई अर्धवट गेलेलं पितळी पातेलं तर सर्वांत वाईट. माठातही करू नका. मातीच्या छिद्रांत व्हिनेगर मुरतं आणि मग महिनाभर पाण्याला तो वास येत राहतो. पाण्यावर एक टीप: बोअरचं जड पाणी थोडं आम्ल मारतं. नर्मदेच्या किंवा आरओच्या पाण्यात जेवढं आंबट लागेल तेवढं त्यात लागणार नाही, चव बघून ग्लासमागे दोन-तीन मिली अर्क वाढवा.

सेवउसळ_प्रेमी

गुळावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पिवळाधमक, चकचकीत गूळ या कामाला नको. तो रंग आणायला बऱ्याचदा हायड्रोस (रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन) वापरतात, आणि त्यावर आम्ल पडलं की जळक्या काडीसारखा गंधकाचा उग्र वास उठतो. रस साफ करताना सोडा पडलेला असेल तर व्हिनेगर ओतताच बुडबुडेही येतात. ते आंबणं नव्हे, मिनिटभरात बसतं. तपासायचं असेल तर अर्ध्या वाटी गुळाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकून वास घ्या, पूर्ण घाणी वाया जाणार नाही. गडद तपकिरी, बोटाने दाबल्यावर किंचित मऊ लागणारा देशी गूळ घ्या.

कारेलीबाग_कट्टा

फार उपयोगी, धन्यवाद. मग काकवी वापरली तर? आणि आलं महाग झालं तर सुंठ चालेल का? साध्या पाण्याऐवजी सोडा घातला तर?

हरणी_रोडवरची_ताई

काकवी चांगलीच लागते, किंबहुना मूळ चवीच्या जवळ तीच जाते. फक्त तिच्यात पाणी असतं, म्हणून ३०० ग्रॅम गुळाच्या जागी ४०० ग्रॅम काकवी आणि पाणी ३०० ऐवजी २०० मिली. ती आधीच पातळ आहे, तेव्हा गूळ विरघळवायचा वेळ वाचतो. पण साखर कारखान्यातली मळी म्हणजे काकवी नव्हे, कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. आणि परदेशी ब्लॅकस्ट्रॅप मोलॅसिस आणलंत तर ते कडवट असतं, एकट्याने घालू नका, पाव भाग ते आणि बाकी गूळ.

सुंठ चालते, पण तिचं तिखट वेगळं आहे. आलं वाळताना त्यातलं जिंजरॉल हे तिखट द्रव्य बदलून शोगॉल होतं, ते जास्त झोंबतं आणि ताजा वास जातो. शंभर ग्रॅम आल्याच्या जागी १२ ग्रॅम सुंठपूड पुरे, ती गुळाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून दुहेरी कापडातून गाळा. रामनवमीच्या पानकासारखी चव येते. माझा कौल मात्र ताज्या आल्यालाच. अगदीच ओढाताण असेल तर उकळायचं साठ ग्रॅम सुंठेने भागवा (७ ग्रॅम) आणि कच्च्या रसाचं चाळीस ताजं ठेवा.

सोड्याबरोबर करायचं तर आधी ग्लासात अर्क, मग थंडगार सोडा कडेने सावकाश. उलट केलंत तर गुळामुळे फेस ग्लासाबाहेर. सोडा घातल्यावर आंबटपणा जास्त जाणवतो, तिथे अर्क ३० मिली पुरतो.

व्हिनेगर का, लिंबू का नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याला लिंबू म्हणजे बाहेरून येणारी महाग वस्तू, आणि सायडरचं व्हिनेगर घरच्या पिंपात. म्हणून ते. काही घरी त्यात ओटचं पीठही घालत, गार पाणी पोटात बसू नये म्हणून. ते इथे करू नका, उन्हात चिकट होतं आणि आणखी लवकर आंबतं. आपल्याकडे लिंबू नेहमीचंच, पण मे महिन्यात त्याचा भाव चढला की हा हिशोब इथेही लागू पडतो: लिटरमागे ५० मिली व्हिनेगर म्हणजे साधारण दोन लिंबांचा आंबटपणा. अर्धं-अर्धं केलं तरी चव उत्तम, फक्त लिंबाचा रस अर्कात घालू नका, प्यायच्या वेळी पिळा. साठवलेला लिंबाचा रस कडवटतो.

तुमच्या रविवारचं म्हणाल तर बावीस माणसं, उन्हातलं काम, प्रत्येकी दोन ग्लास धरले तर नऊ लिटर. दोन घाण्यांत आठ लिटर होतं, वरच्या लिटरसाठी तिसरी लहान घाणी करा, मूळ मापाचा चौथा हिस्सा. अर्क बाटल्यांत थंडच न्या आणि तिथे चार-चार लिटर मिसळा. दोन तासांत संपेल तेवढंच. स्टील सोडून दुसऱ्या धातूची तोटी असलेला जार नको, खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा किंवा स्टीलचा चालेल. बाटलीचं झाकण पत्र्याचं असेल तर मध्ये बटर पेपरचा तुकडा लावा, नाहीतर व्हिनेगरने गंजतं आणि अर्काला लोखंडी चव येते.

टायट्रेशन

एक भर, कारण उन्हातल्या कामाचा विषय आहे. हे सरबत म्हणजे ओआरएस (जलसंजीवनी) नव्हे. घरगुती जलसंजीवनीत एक लिटरला सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असतं. इथे गोड त्याच्या दुपटीहून जास्त आणि मीठ साधारण निम्मं. घाम येणाऱ्या धडधाकट माणसाला ठीक, पण जुलाब-उलट्या असलेल्याला किंवा ऊन लागून चक्कर आलेल्याला हे देऊ नका. जलसंजीवनीची पाकिटं वेगळी ठेवा, आणि चक्कर आलेल्याला सावलीत आडवं करून डॉक्टरांना फोन करा.

ग्लासात साधारण १५ ग्रॅम गूळ जातो, म्हणजे तीन चमचे साखरेच्या जवळ. मधुमेह असणाऱ्यांनी "गूळच आहे" म्हणून दुसरा ग्लास घेऊ नये. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी उपाशीपोटी पिऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर रोज आल्याचा अर्क सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि आंबट पेय दातांवर घोळवत बसायचं नाही. स्ट्रॉने प्या, वर साधं पाणी प्या, लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

रावपुरेकर

ताईंच्या हिशोबात एवढंच जोडतो: तीन घाण्या एकदम एका पातेल्यात करणार असाल तर आलं उकळायची वेळ तीनपट करू नका. उकळी आल्यापासून आठ-नऊ मिनिटं पुरेत. गार व्हायला मात्र खूप वेळ लागतो. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि बाहेरून हात लावून अजिबात ऊब लागेनाशी झाली की मगच सरको ओता.