विषय: सावद्याचा लॅपटॉप, वनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क

प्रेषक: सावद्याची लेक, शिकागो

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

सध्या सावद्याला माहेरी आहे, पुढच्या आठवड्यात परत निघेन. अण्णांच्या नव्या लॅपटॉपवर केळीचे हिशोब, सातबाऱ्यांचे स्कॅन, आजीच्या अहिराणी ओव्यांची रेकॉर्डिंगं आणि घरातल्या सगळ्या लग्नांचे फोटो आहेत. वनड्राइव्ह, म्हणजे फाइली इंटरनेटवर (क्लाउडवर) ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय, पहिल्या दिवसापासून चालू आहे. मी जळगावहून हार्ड डिस्क आणली तर भाऊ म्हणतो, पैसे वाया घालवलेस, क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप झालाच. दोन्ही ठेवावं का? ठेवलं तर एकमेकांत गोंधळ होणार नाही ना? मी गेल्यावर इथे बघायला अण्णा आणि भाऊ एवढेच.


प्रेषक: धरणगावचे नाना, ह्यूस्टन

ताई, भावाचं बरोबर आहे. माझं तर बठ्ठं क्लाउडमा शे! लॅपटॉप बदलला, पासवर्ड टाकला, सगळं परत हजर. डिस्क पडते, हरवते, पोरं पिक्चर भरून ठेवतात. उगीच धंदा.


प्रेषक: अमळनेरकर, न्यू जर्सी

नाना, रागावू नका, पण लॅपटॉप बंद पडला तरच तुमचं म्हणणं लागू पडतं. फाइल चुकून पुसली तर? वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं काम सगळीकडे एकच स्थिती ठेवणं, म्हणजे सिंक. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलीही इमानेइतबारे वर चढतात. एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या म्हणून विहिरी दोन होत नाहीत.

कचरापेटी असते, मान्य. पण घरगुती खात्यांत तिची मुदत साधारण ३० दिवसांची. अण्णांनी जूनमध्ये चुकून उडवलेला हिशोब दिवाळीत आठवला तर कुठे शोधणार? कंपन्यांकडूनही चुका होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपच्या ८४व्या आवृत्तीत काही लोकांच्या फाइली दिसेनाशा झाल्या होत्या, तेव्हा गूगलनेच सांगितलं होतं की ॲपमधून खातं डिसकनेक्ट करू नका.

तेव्हा ताई, डिस्क ठेवा. पण आधी एक गोष्ट तपासा, कारण सगळे इथेच फसतात. विंडोज सुरुवातीलाच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं, आणि त्या सोयीला नाव दिलंय 'बॅकअप'. भावाची चूक नाही, नावच तसं आहे. शिवाय लॅपटॉपवर जागा वाचावी म्हणून बऱ्याच फाइलींचं नुसतं नाव लॅपटॉपवर राहतं, आतला ऐवज वर. नावापुढे निळा ढग दिसला तर फाइल लॅपटॉपवर नाही. हिरवी खूण दिसली तर आहे. भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण म्हणजे ती तिथेच राहणार.

आता तुम्ही हार्ड डिस्कवर बॅकअप लावलात तर तो काय उचलेल? फाइल हिस्टरी ही विंडोजची बॅकअपची सोय वनड्राइव्हमधल्या फक्त लॅपटॉपवर उतरलेल्या फाइलींचीच प्रत घेते. बाकीच्या गुपचूप वगळल्या जातात. सगळं सुरळीत चाललंय असं दिसतं आणि डिस्कवर निम्मंच असतं. दुसरे काही प्रोग्राम उलटं करतात, प्रत घेण्यासाठी एकेक फाइल खाली ओढत बसतात. गावाकडच्या नेटवर ते किती रात्री चालेल ते तुम्हीच बघा. मॅकवाल्यांनीही हसू नये. त्यांच्या आयक्लाउडमध्ये जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपचीही हीच गत.

ओळखायचं कसं? वनड्राइव्ह फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. दोन आकडे दिसतील, फाइलींचा आकार आणि लॅपटॉपच्या डिस्कवर प्रत्यक्ष व्यापलेली जागा. दुसरा आकडा फारच कमी असेल तर माल वरच आहे. त्याच राइट क्लिकमध्ये 'नेहमी या उपकरणावर ठेवा' असा पर्याय आहे, तो द्या आणि रात्रभर उतरू द्या. आधी लॅपटॉपमध्ये तेवढी जागा आहे का बघा.


प्रेषक: सावद्याची लेक, शिकागो

बापरे. बघितलं. फाइली सत्तर जीबीच्या आसपास, व्यापलेली जागा नऊसुद्धा नाही! ओव्यांवर तर सगळीकडे ढगच ढग. काल मी डिस्क लावून बॅकअप 'यशस्वी' असा संदेश वाचून अण्णांना पेढा दिला होता.

रागाच्या भरात वनड्राइव्हचा तो 'बॅकअप' बंदच करून टाकू का? आणि अण्णांची टॅली आहे (हिशोबाचं सॉफ्टवेअर), तिचं फोल्डर भावाने वनड्राइव्हमध्ये ठेवलंय.


प्रेषक: अमळनेरकर, न्यू जर्सी

घाईने बंद करू नका. बंद केलं की डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात, आणि अण्णांचा जीव खालीवर होतो. सगळं उतरू द्या, मग फाइल हिस्टरी पुन्हा चालवा. ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडेल.

टॅलीचं फोल्डर मात्र आजच बाहेर काढा, टॅली बंद करून आणि सिंक पूर्ण झाल्यावर. टॅली चालू असताना त्या फाइली सारख्या लिहिल्या जातात, आणि सिंक मध्येच अर्धवट लिहिलेली फाइल उचलू शकतं. दोन कॉम्प्युटरवरून उघडलं की कोणती खरी हा वाद वेगळाच. डेटा साध्या फोल्डरमध्ये ठेवा, टॅलीचा स्वतःचा बॅकअप पर्याय वापरा, आणि तयार झालेली ती प्रत हवी तर वनड्राइव्हमध्ये टाका. आउटलूकच्या मेलच्या मोठ्या फाइलीलाही हेच. एका फोल्डरवर वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह दोन्ही लावणं तर नकोच. डिस्कवरच्या बॅकअपलाही सिंकमध्ये घालू नका.

भावाला एवढंच शिकवा: रविवारी डिस्क लावायची, बॅकअप झाला की काढून कपाटात. कायम लावून ठेवली तर व्हायरस तिच्यावरही हात मारतो, २०१७च्या वॉनाक्राय व्हायरसच्या वेळी जोडलेल्या डिस्काही गेल्या होत्या. वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यातलं सावदा तुम्हाला मी काय सांगावं. चालू असताना लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण वेगळ्या वीजजोडणीची मोठी डिस्क असेल तर ती इन्व्हर्टरवर घ्या. जमलं तर आणखी एक प्रत जळगावच्या नातेवाइकांकडे.


प्रेषक: धरणगावचे नाना, ह्यूस्टन

अमळनेरकर, तुमच्या मेलनंतर माझंही उघडून बघितलं. ढग. आमच्या हिला सांगू नका. कोणती डिस्क घ्यायची तेवढं वेगळ्या मेलवर कळवा.


प्रेषक: मंडळाच्या सचिव

हा धागा बघून एक विचारते. गणपतीच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ आणि सगळ्यांनी पाठवलेल्या ओव्या मंडळाच्या गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये आहेत. ते सुरक्षित धरायचे का?


प्रेषक: अमळनेरकर, न्यू जर्सी

ताई, सामायिक फोल्डर असला तरी साध्या गूगल खात्यात फाइलीची मालकी ती चढवणाऱ्याचीच राहते. त्याचं खातं गेलं की फाइलही जाते. गूगलने २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय, आणि आपल्या यादीत मंडळ सोडून गेलेले कितीतरी. सगळं एकदा उतरवून दोन डिस्कांवर ठेवू, एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे.

आणि सावद्याच्या ताई, निघण्याआधी अण्णांच्या खात्याचे राखीव कोड, म्हणजे ओटीपी मिळाला नाही तर खात्यात शिरायचे, काढून घ्या. नव्या जागेवरून लॉगिन केलं की ओटीपी अण्णांच्याच सिमवर येतो, आणि तुम्ही शिकागोहून मागाल तेव्हा सावद्यात पहाटेचे तीन वाजलेले असतील. कोड कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. कागदाच्या फाइलीत.


प्रेषक: सावद्याची लेक, शिकागो

कोड काढले. रात्रभरात बरंच उतरलं, ओव्या सगळ्या आल्या. डिस्क शेजारच्या काकांच्या कॉम्प्युटरला लावून बघितली, आजीचा आवाज आला, दोन सातबारेही उघडले. फोटो अजून उतरतायत. टॅली बाहेर काढली, भाऊ थोडा फुगलाय. रविवारचं काम पुतणीने घेतलंय, अण्णा म्हणतात तीच विसरणार नाही.