अनारेस आणि आमची गावकारी
खासगी मालकी नसलेला समाज फक्त विज्ञानकथेतच शोभतो, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. उर्सुला ले ग्विन यांच्या 'द डिस्पझेस्ड' (1974) या कादंबरीतल्या अनारेस नावाच्या जगात 'माझं' म्हणायची पद्धतच नाही. एक लहान मुलगी 'माझा रुमाल घे' न म्हणता 'मी वापरते तो रुमाल तूही वापर' असं म्हणते. हे वाचताना मला आमची गोव्यातली गावकारी, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायची जुनी पद्धत, आठवली. शेतजमीन गावाची, कसायला लिलावाने द्यायची, येणाऱ्या पैशातून बांध-देवळांचा खर्च आणि उरलेलं गावकारांत वाटायचं. खाजन शेतीला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीला, तर हे लागायचंच! भरतीच्या जोराने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी-दाराची, लाकडी दारं आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात. पण बांध एका जागी फुटला की खारं पाणी सगळ्यांच्याच भातात शिरतं.

अर्थात गावकारपण बापाकडून मुलाकडे. बायका आणि बाहेरून आलेले कष्टकरी त्यात नव्हते, हे मला फार सलतं. अनारेसवरही कायदा नसताना कादंबरीचा नायक, भौतिकशास्त्रज्ञ शेवेक याच्या संशोधनाची वाट एक वरिष्ठ अडवतोच. सत्ता अशी सवयीत कशी मुरते, हे त्या कादंबरीइतकं बारकाईने मी दुसरीकडे वाचलेलं नाही. इथल्या कुणी गावकारीवर भविष्यकथा लिहिली, तर मी पहिला वाचक.