घराची गुपितं असलेला चांगला भयपट सुचवा (मुली तेरा वर्षांच्या, येत्या शनिवारी रात्री, ठाणे)

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी लेकीला चौदावं लागतंय. तिच्या चार मैत्रिणी रात्री राहायला येणार आहेत. जेवणाचं ठरलं, गाद्यांचं ठरलं, सिनेमापाशी अडलंय. "भुताचा हवा आणि घरातला हवा," एवढी एकच मागणी आहे.

गेल्या रविवारी आम्ही दोघींनी असा एक पाहिला. नाव लिहीत नाही, कारण त्याच साच्यातले आणखी दहा निघतील. पाच मित्रमैत्रिणी, त्यांतल्या एकीच्या आजीचं बंद पडलेलं घर, एक रात्र. सुरुवात बरी होती. गंजलेलं फाटक, अर्धवट फिरून अडणारी किल्ली. मी सरसावून बसले. पुढे तास-सव्वा तास नुसती दारं आपटत राहिली. पोरं या खोलीतून त्या खोलीत पळत होती, पण स्वयंपाकघर कुठे, जिना कुठे निघतो, माडीवर खोल्या किती, काही म्हणता काही कळेना. आणि ज्या गुपितासाठी बसलो, ते शेवटच्या दहा मिनिटांत सापडलेल्या डायरीतून वाचून दाखवलं. आजी कोण होती, त्या घरात तिचे दिवस कसे जायचे, यातलं आधी काहीच दिसलं नव्हतं. त्यामुळे गुपित कळलं तरी मनाला लागलं नाही. लेक म्हणाली, "आई, घाबरले मी, पण आता आठवत काहीच नाहीये." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

मला एवढं का लागलं ते सांगते. माझं लहानपण देवगडकडच्या घरात गेलं. ओटी, माजघर, मागची पडवी, आणि माजघरातून दोन पायऱ्या उतरून बाळंतिणीची खोली. दिवसा आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. तिन्हीसांजेनंतर कुणी तिथून काही आणायला सांगितलं की पाय उचलत नसे. त्या घरात भूत कुणीच पाहिलं नव्हतं. पण खोली पाठ होती, दिव्याचा उजेड कुठल्या कोपऱ्यात पोचत नाही हे ठाऊक होतं, आणि सगळी भीती त्या कोपऱ्यात होती. फ्लॅटमध्ये वाढलेल्या माझ्या मुलीला हे निदान पडद्यावर तरी भेटावं, असं मनापासून वाटतं.

रक्तपात नको, किळसवाणं काही नको, दोन तासांच्या आत संपावा. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी कुठलीही चालेल. ॲनिमेशन म्हटलं की मुली "लहान मुलांचं" म्हणतात, त्यामुळे शक्यतो ते नको.

रातकिडा

'द अदर्स', २००१ चा. निकोल किडमन आहे. हाच लावा.

पाचपाखाडीकर

मीही तसलाच एक नुकता पाहिला आणि मलाही तो जेमतेमच वाटला. पण एक सांगतो ताई. माझ्या भाचीने तोच मैत्रिणींबरोबर पाहिला आणि चौघी रात्रभर एकमेकींना चिकटून किंचाळत होत्या. या वयात एकत्र बसून घाबरण्यातच आनंद असतो. फार चांगला सिनेमा लावला आणि पोरी गप्प बसून राहिल्या, तर त्यांना वाढदिवस झाल्यासारखा वाटेल का?

घोडबंदरवाली

पाचपाखाडीकर, किंचाळू देत की, मलाही ते हवंच आहे. फक्त सकाळी पोहे खाताना त्यांच्याकडे बोलायला काहीतरी उरावं.

ऐरोलीचा ध्वनीवाला

मी सिनेमा-मालिकांच्या साउंडचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"घाबरले पण आठवत नाही" हे तुमच्या मुलीने अगदी अचूक पकडलंय. सुमार भयपटात भीती गोष्टीत नसते, फक्त आवाजात असते. आधी सगळे आवाज काढून घ्यायचे, पंख्याचा, रातकिड्यांचा, रस्त्याचा, आणि मग एकदम मोठा आवाज सोडायचा. शरीर दचकतंच. कानाशी फटाका फुटला तरी आपण तसेच दचकतो, त्याला आजीची डायरी लागत नाही. तो सिनेमा पुन्हा आवाज बंद करून पाहा, एकही प्रसंग उभा राहणार नाही.

'द अदर्स'ला माझंही मत, आणि त्याचं कारण दारं. गोष्ट १९४५ ची, जर्सी बेटावरचं मोठं घर, भोवती धुकं. बाईच्या दोन्ही मुलांना उजेड सोसत नाही. म्हणून घरात नियम आहे की एक दार लावून कुलूप घातल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. सुरुवातीलाच ती नव्या नोकरमाणसांना हा नियम समजावत खोल्याखोल्यांतून हिंडवते, आणि त्यांच्यामागोमाग आपणही ते घर शिकतो. पुढे एखादं दार नुसतं उघडं दिसलं तरी पोटात गोळा येतो, आवाजाची गरजच पडत नाही. दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार यानेच संगीतही केलंय. कुठे गप्प राहायचं हे त्याला फार चांगलं कळतं.

लावण्याआधी टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या सेटिंगमध्ये जाऊन 'नाइट मोड' चालू नाही ना, ते बघा. तो बारीक आवाज वर उचलतो आणि मोठे दाबतो, म्हणजे कुजबुज आणि किंकाळी एकाच पातळीवर येतात. हा सिनेमा कुजबुजीवर उभा आहे. खिडक्याही लावून घ्या, घोडबंदर रोडला रात्री अवजड गाड्यांची ये-जा असते. खोली आधी गार करून पंखा हळू ठेवलात तर उत्तम.

डोंगरवाट

'तुंबाड' का नाही? आपल्या मातीतला आहे, वाडा आहे, पाऊस आहे.

रातकिडा

नको हो. मोठ्यांसाठी अप्रतिम आहे, २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मी परत जाऊन पाहिला. पण तेराव्या वर्षी नको. 'लपाछपी'चंही तेच. उसाच्या शेतातलं घर फार परिणामकारक आहे, पण विषय गर्भवती बाईचा आणि स्त्रीभ्रूणहत्येचा. तो ताईंनी स्वतः पाहावा.

वाशीच्या बाई

मी शाळेत शिकवते, सातवी-आठवीचे वर्ग. चारही मुलींच्या घरी आधी फोन करा आणि सिनेमाचं नाव सांगूनच विचारा. एखादीच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असतं, ती मुलगी सगळ्यांसमोर "मला नको" म्हणू शकत नाही. ओटीटीवर सिनेमाच्या नावापाशी वयाचा शिक्का असतो. २०२१ च्या नियमांनुसार यू/ए ७+, १३+, १६+ असे गट आहेत आणि १३+ पासून पुढच्यांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. थिएटरातल्या सिनेमांनाही २०२४ पासून तेच तीन गट लागू झालेत. शिक्का पाहाच, पण त्यावर विसंबून राहू नका. आधी स्वतः पूर्ण पाहा.

नेरूळच्या आजी

मी 'महल' सुचवते. १९४९ चा. मी शाळकरी असताना मॅटिनीला पाहिला होता. अशोककुमार नव्या घेतलेल्या हवेलीत येतो आणि भिंतीवर त्याला स्वतःचाच चेहरा असलेली जुनी तसबीर दिसते. तेवढ्यावर मी गारठले होते. मग 'आएगा आनेवाला'. लताबाई तेव्हा जेमतेम वीस वर्षांच्या, आणि रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! गाणारी बाई हवेलीत आहे की नाही हेच कळत नाही, आवाज मात्र सगळ्या खोल्यांतून फिरतो. आजच्या मुलींना पूर्ण सिनेमा संथ वाटेल हे मला कबूल आहे. गाण्यापर्यंतचा भाग दाखवा, दिवे बंद करून.

बेलापूरचं अंगण

ताई, बाळंतिणीच्या खोलीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

मी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वाढलो. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली ही वसाहत. सात-सात घरं एका अंगणाभोवती, अंगण आठ मीटर बाय आठ मीटर, आणि दोन घरांमध्ये सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलीच. मी पाचवीत असताना समोरच्या घराला मागे एक खोली निघाली. तोवर त्या घराची खिडकी न् खिडकी मला पाठ होती. नव्या खोलीला अंगणाकडे खिडकीच नव्हती. रात्री तिथून खोकल्यासारखा आवाज यायचा आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून जागा राहायचो. पुढे कळलं की तिथे त्यांचे आजोबा होते. आजारी होते, मुलांचा गलका त्यांना सोसत नसे आणि घरच्यांना ते कुणाला सांगायचं नव्हतं. ते गेले तेव्हा मी पहिल्यांदा ती खोली आतून पाहिली. एक खाट, एक रेडिओ. मी ज्याला इतके दिवस घाबरत होतो तो माणूस एकटा पडला होता, हे त्या खाटेकडे बघून कळलं.

घराचं गुपित म्हणजे मला हे वाटतं. आधी घर ओळखीचं व्हायला हवं, मगच त्यातली न उघडलेली जागा टोचते. आणि उघडल्यावर आत कुणाचं तरी दुःख असावं. तुमच्या त्या सिनेमात डायरी होती, पण खाट नव्हती.

माझी शिफारस 'कोरालाइन', २००९, हेन्री सेलिक. ॲनिमेशन नको म्हणालात, तरी लिहितो. हा बाहुल्या हातांनी एकेका चौकटीसाठी किंचित-किंचित हलवून केलेला सिनेमा आहे, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू खरोखर कुणीतरी घडवलेली आहे. नव्या घरात कंटाळलेल्या मुलीला बाबा काम लावून देतात की घरातली दारं-खिडक्या मोज आणि निळ्या रंगाच्या सगळ्या वस्तू लिहून काढ. ती मोजत फिरते आणि वॉलपेपरखाली झाकलेलं छोटं दार तिला सापडतं. उघडलं तर मागे विटांची भिंत. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की पलीकडे असंच घर आहे, अशीच आई आहे, फक्त डोळ्यांच्या जागी बटणं आहेत. माझ्या चाळिशीच्या मित्रांनाही ती आई सोसत नाही.

घणसोली गाव

बेलापूरच्या दादांचं पटलं. मला आणखी एक जोडायचंय. आम्ही गावठाणातले. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. आमचं भाताचं खाचर होतं तिथे आता सात मजली इमारत आहे आणि माझी मुलगी तिथे शिकवणीला जाते. घराखाली काय होतं, हा प्रश्न आमच्याकडे सिनेमातला नाही. म्हणून मला १९८२ चा 'पोल्टरगाइस्ट' फार जवळचा वाटतो. चकाचक नवी वसाहत, सगळी घरं सारखी, आणि गुपित घरात नाही, जमिनीत. मात्र त्यात आरशासमोर चेहऱ्याचं एक किळसवाणं दृश्य आहे, त्यामुळे तुमच्या शनिवारसाठी तो नको. पुढे कधीतरी.

पाचपाखाडीकर

फ्लॅटचाच विषय निघालाय तर 'भूत', २००३, रामगोपाल वर्मा. मुंबईतल्या टॉवरमधला फ्लॅट, सिनेमात एकही गाणं नाही. लिफ्ट, पार्किंग, वॉचमन, सगळं आपल्या रोजच्यातलं, म्हणून जास्त लागतं. मात्र तो मोठ्या माणसांबरोबर बसून पाहायचा, आणि मुली जरा मोठ्या झाल्यावर. आणि ताई, माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. त्या खोकल्याचं वाचून मला माझ्या आजोळची खोली आठवली.

शब्दवेडी

सिनेमाआधी दिवे मालवून एखादी मतकरींची गूढकथा मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात शोधा, १८९३ पासूनचं ग्रंथालय आहे. वीस मिनिटांत खोली तयार होते.

घोडबंदरवाली

मंडळी, रविवार दुपार. मुली आत्ताच गेल्या, लगेच लिहितेय.

बाईंचं ऐकून चौघींच्या घरी फोन केले. एका आईने बराच वेळ विचार केला. गोष्ट सांगितली, शेवटसुद्धा सांगितला, मग त्या हो म्हणाल्या, आणि "तिला दाराजवळ बसवू नका" एवढं बोलल्या. तिला मधोमध बसवलं. शुक्रवारी रात्री मी एकटीने 'द अदर्स' पूर्ण पाहून घेतला होता. नाइट मोड खरंच चालू होता! ध्वनीवाले दादा, तुमचे आभार कसे मानू.

पहिली वीस मिनिटं चुळबुळ होती, एकीने फोन काढला. मग कुलूप लावलेल्या खोलीत पियानो वाजायला लागला आणि फोन आपोआप खाली गेला. किंचाळ्या दोनदाच ऐकू आल्या. शेवटी कुणीच काही बोललं नाही. मग लेकीने सुरुवातीचा प्रसंग परत लावायला सांगितला, आणि तो पाहताना पाचही जणी एकदम बोलायला लागल्या.

सकाळी पोह्यांच्या बश्या बाजूला सारून भेटवस्तूच्या कागदाच्या पाठीमागे त्या घराचा नकाशा काढला गेला. पियानोची खोली जिन्याच्या कुठल्या हाताला यावरून भांडण झालं, ते पुन्हा सिनेमा लावून मिटवलं. दाराजवळ नको असलेल्या त्या मुलीने सगळ्यांत जास्त दारं बरोबर काढली.

मैत्रिणी गेल्यावर लेकीने तोच कागद उलटा धरून विचारलं, देवगडच्या घराचा असा नकाशा मला येतो का. काढून दिला. बाळंतिणीच्या खोलीत आता नारळ रचून ठेवलेले असतात, हेही सांगितलं. मे महिन्यात पाहायचं ठरलंय.

पुढच्या शनिवारी 'कोरालाइन'. त्याआधी आमच्या फ्लॅटमधली दारं-खिडक्या आणि निळ्या वस्तू मोजायचं काम तिला लावून देणार आहे.