रेसिंगचे स्की-बूट: घट्टपणा कुठपर्यंत योग्य आणि कुठून चुकीचा?

रामबागची_स्कीयर (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला राहते. गुलमर्गला स्कीइंगचे अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर आता जायंट स्लॅलमच्या (फाटकांमधून वेगाने वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीच्या) स्पर्धांची तयारी करीत आहे आणि येत्या हिवाळ्यात खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांसाठी निवड व्हावी, असा प्रयत्न आहे. माझे सध्याचे बूट २५.५ मापाचे आणि १०० मिलिमीटर रुंदीचे आहेत. साध्या उतारावर त्यांबद्दल तक्रार नाही. परंतु कडक बर्फावर वेगात वळण घेताना टाच उचलली जाते आणि मी गुडघा आत दाबल्यावर स्कीची कड बर्फात रुतेपर्यंत मध्ये एक क्षण वाया जातो. तो क्षण बुटाच्या आतल्या मोकळ्या जागेत जातो, हे मला स्पष्ट जाणवते.

एका सहकारी खेळाडूने स्वतःचे जुने रेसिंगचे बूट मला देऊ केले आहेत. त्यांचे माप २४.५, रुंदी ९५ मिलिमीटर आणि फ्लेक्स (पुढे वाकताना बूट किती कडक राहतो, त्याचा आकडा) १३० आहे. भिंतीला टाच टेकवून, उभे राहून मोजले असता माझे डावे पाऊल २४८ आणि उजवे २५० मिलिमीटर भरते. माझे वजन ५८ किलो आहे. हे बूट घरी घालून पाहिले, तेव्हा बोटे पुढे दाबली गेली, थोड्याच वेळात पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या आणि करंगळीच्या मुळाशी असलेले बाहेरचे हाड आग झाल्यासारखे दुखू लागले.

काहींचे म्हणणे असे की रेसिंगचा बूट दुखणारच, सवय होते. इतर काही जण म्हणतात की माप चुकले आहे. इंदूरमध्ये स्की-बूट बसवून देणारे कोणी मला सापडलेले नाही. हे बूट घ्यावेत की नाही, याचा निर्णय येथे बसून कसा करावा, आणि त्यांवरचे कोणते काम येथे होऊ शकेल?

निवृत्त_महू

ताई, बूट घालून फिरल्याने याचा निर्णय होणार नाही. लायनर (आतला मऊ बूट) पूर्णपणे बाहेर काढा, अनवाणी पाय रिकाम्या शेलमध्ये (बाहेरच्या कडक कवचात) घाला, बोटे पुढच्या भिंतीला नुसती टेकू द्या आणि गुडघे किंचित वाकवून टाचेमागे किती जागा उरते ते मोजा. गोल लाकडी दांड्याचे निरनिराळ्या जाडीचे तुकडे सुताराकडून करून घेतले, तर हे मोजमाप अंदाजाने करावे लागत नाही. हौशी स्कीयरला २० मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक जागा चालते. गंभीरपणे स्की करणाऱ्याला १० ते १५ मिलिमीटर योग्य, आणि स्पर्धक त्याहूनही खाली, ५ ते १० मिलिमीटरपर्यंत जातात. तुमच्या जुन्या बुटाचे असेच माप घ्या. वीसच्या पुढे आकडा आला, तर वाया जाणाऱ्या क्षणाचे कारण सापडले असे समजा.

मापाच्या आकड्याविषयी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. हा आकडा पावलाची सेंटीमीटरमधील लांबी दाखवतो खरा, पण बहुतेक उत्पादक शेल पूर्ण मापांतच घडवतात. २४.० आणि २४.५ यांचे शेल एकच असते, फरक आतील तळपट्टीचा किंवा लायनरचा असतो. म्हणजे तुमच्यासमोर २५ चे शेल आणि २४ चे शेल एवढेच दोन पर्याय आहेत. २५० मिलिमीटरच्या पावलाला २४ चे शेल रेसिंगसाठी वावगे नाही.

बोटांबाबत कसोटी अशी: बकल लावून ताठ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढे टेकली पाहिजेत, आणि नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढे वाकल्यावर टाच मागच्या खोबणीत बसून बोटे किंचित मागे सरकली पाहिजेत. घरात लोक ताठ उभे राहतात, बोटे टेकली की घाबरतात आणि एक माप वर जातात. मोजे पातळ आणि एकच जोडी. बुटात मोज्याखेरीज दुसरे काहीही जाता कामा नये, थर्मल पायजम्याची कडसुद्धा नाही.

तथापि, "दुखणारच" हे मत मला मान्य नाही. गुलमर्गच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये (ही संस्था १९४८ मध्ये स्की शिकवण्यासाठीच सुरू झाली होती) असताना मी असे कितीतरी जवान पाहिले, की जे सैल बूट घेत आणि तो बकलांनी आवळत. आवळलेल्या सैल बुटात पाऊल वरून चेपले जाते, तरी टाच मोकळीच राहते. बूट लहान शेलमुळे घट्ट असावा, बकलांमुळे नव्हे. नीट बसलेला रेसिंग बूट असा असतो, की चवड्यावरचे बकल जवळजवळ केवळ झाकण बंद ठेवण्यापुरते लागते. घोट्यापुढचे बकल टाच धरते आणि वरची दोन नडगीला जिभेशी जोडतात.

पाऊल_आणि_घोटा (फिजिओथेरपिस्ट, इंदूर)

निवृत्त साहेबांच्या शेलच्या मापाशी मी सहमत आहे. परंतु मुंग्या आणि हाडाची आग या दोन तक्रारी एकाच गटात टाकू नयेत. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर त्वचेच्या अगदी खालून संवेदनेची मज्जातंतू-शाखा आणि बोटांकडे जाणारी धमनी जाते. तेथे दाब आला की आधी मुंग्या येतात, मग बधिरता, आणि बर्फात त्याच दाबाने बोटांचा रक्तपुरवठा घटून ती गारठतात. हिमदंशाची सुरुवात अशा पायात फार लवकर होऊ शकते, म्हणून ही तक्रार सवयीवर सोडू नये. बूट काढल्यानंतर काही मिनिटांत संवेदना परत येते का, हे पाहा. ती तासन्‌तास परत येत नसेल, तर त्या स्थितीत बूट वापरणे थांबवावे.

करंगळीच्या मुळाशी होणारी आग ही निव्वळ जागेची अडचण आहे. हाड दबत नाही, प्लॅस्टिक हलवावे लागते. ९५ मिलिमीटरच्या शेलमध्ये हे जवळपास प्रत्येकाला करून घ्यावे लागते, कारण असे शेल मुळात जाड आणि अरुंद घडवून, नंतर खेळाडूच्या पावलाप्रमाणे आतून कोरण्यासाठीच दिलेले असते. थोडक्यात, तुम्ही जो बूट घालून पाहिलात तो अजून तयार झालेला नाही.

मात्र प्लॅस्टिकला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे पावलाची कमान. बसून आणि उभे राहून, अशी दोन्ही मापे घ्या. वजन टाकल्यावर कमान खाली बसत असेल, तर पाऊल काही मिलिमीटर लांब आणि रुंद होते, आणि बुटाच्या भिंतींवर सर्व बाजूंनी एकदमच आदळते. कमानीला आधार देणारी, तुमच्या पावलाच्या साच्यावर बनवलेली तळपट्टी घातली, की तीच लांबी-रुंदी परत मिळते आणि शेल आपोआप मोठे झाल्यासारखे वाटते. ऑर्थोटिक तळपट्ट्या इंदूरमध्ये बनतात. त्या पातळ आणि टणक हव्यात, मऊ फोमच्या जाड तळपट्टीने पाऊल उलट वर उचलले जाईल. तळपट्टी नसताना शेल कोरून घेणे म्हणजे उसवलेला सदरा अंगात ठेवून शिंप्याला माप देण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट घोट्याची. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा, टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते मोजा. साधारण १० सेंटीमीटर अंतर आले, तर घोटा पुरेसा वाकतो. त्याहून बरेच कमी असेल, तर बुटाच्या पुढे झुकलेल्या कोनात घोट्याची हालचाल संपते आणि शरीर पुढे जाण्यासाठी टाच उचलते. अशी उचललेली टाच बाहेरून सैल बुटासारखीच दिसते. मग खेळाडू घोट्यापुढचे बकल आणखी आवळतो आणि मुंग्या वाढतात. उपाय म्हणजे पोटरीचा नियमित ताण-व्यायाम आणि गरज पडल्यास टाचेखाली ३-४ मिलिमीटरची पाचर. पावलाचा वरचा भाग उंच असेल, तर ही पाचर तो आणखी वर ढकलते, त्यामुळे ती घालण्यापूर्वी बुटाच्या तळाची, लायनरखाली असलेली आतली फळी घासून खाली आणावी लागेल.

आणखी एक सूचना इंदूरच्या हवेमुळे करावीशी वाटते. उन्हाळ्यात संध्याकाळी पाऊल सुजलेले असते. तपासणी सकाळी, शक्य असल्यास वातानुकूलित खोलीत करा.

पिथमपूरचा_साचेवाला

मी पिथमपूरला प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात काम करतो आणि स्की कधी पायात घातलेली नाही. त्यामुळे पावलाविषयी बोलणार नाही, मालाविषयी बोलतो. रेसिंगच्या बुटांचे शेल बहुधा पॉलियुरेथेनचे असते. हा पदार्थ तापमानाप्रमाणे कडक-मऊ होतो, त्यामुळे ३५ अंशांच्या खोलीत बूट पुढे वाकवून "एकशे तीस जमतो" असा निष्कर्ष काढला, तर उणे तापमानात तोच बूट वेगळाच वागेल. शिवाय फ्लेक्सच्या आकड्याला सर्व उत्पादकांना बांधून ठेवणारे कोणतेही सामाईक मानक नाही. एका कंपनीचा १३० आणि दुसऱ्या कंपनीचा १३० यांची तुलना करू नये.

बूट जुने आहेत, म्हणून माझी पहिली विनंती वयाविषयी आहे. पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने वर्षानुवर्षे आतून कमकुवत होत जाते आणि एके दिवशी तडकते. माळ्यावर ठेवलेल्या बुटांचे असे तुकडे पडलेले पाहायला मिळतात. शेलच्या आत किंवा तळाशी साच्याचे गोल तारीख-चिन्ह अनेकदा असते. मधल्या बाणाशेजारी वर्षाचे आकडे आणि कडेला महिने, अशी त्याची रचना असते. ते शोधा. बकलांच्या रिव्हेटांभोवती आणि घोट्याच्या सांध्यापाशी केसासारख्या भेगा दिसल्या, तर बूट फुकट मिळाले तरी घेऊ नका.

जागा करण्याच्या दोन पद्धती आहेत. तापवून आतून बाहेर ढकलणे ही पहिली, आणि आतून घासणे ही दुसरी. प्लॅस्टिकला मूळ आकाराची आठवण असते, म्हणून ढकललेला भाग पूर्ण थंड होईपर्यंत दाबाखाली ठेवावा लागतो आणि तरीही तो थोडासा परत येतोच. त्यामुळे हवे त्यापेक्षा किंचित जास्त ढकलतात. शेल जाड असेल, तर कडेच्या हाडासाठी घासणे अधिक भरवशाचे, कारण काढलेला माल परत येत नाही. नेमके याच कारणाने ते एका बैठकीत उरकू नये. हाडावर लिपस्टिक लावून पाय रिकाम्या शेलमध्ये घाला, जेथे रंग उमटेल तेवढाच भाग अर्धा-अर्धा मिलिमीटर घासा आणि पुन्हा तपासा. डाय ग्राइंडर (घासण्याचे छोटे यंत्र) आणि त्याची टोके इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील. घरच्या ओव्हनमध्ये शेल तापवण्याचे सल्ले इंटरनेटवर दिसतात, ते कृपया मनावर घेऊ नका. उष्णता तळापर्यंत गेली आणि तळ जरासा जरी पिळला, तरी बूट निकामी झाला.

रामबागची_स्कीयर (इंदूर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रिकाम्या शेलमध्ये उजव्या टाचेमागे ९ आणि डाव्या टाचेमागे ११ मिलिमीटर जागा आली; जुन्या बुटात हाच आकडा उजवीकडे २१ आहे. गुडघा-भिंत चाचणीत दोन्ही बाजूंना ११ सेंटीमीटरपर्यंत जाता येते. उभे राहिल्यावर मात्र उजवे पाऊल बसलेल्या मापापेक्षा ५ मिलिमीटरने लांब होते. तारखेचे चिन्ह सापडले, बूट चार वर्षांपूर्वीचे आहेत आणि भेगा नाहीत. आता प्रश्न फ्लेक्सचा उरतो. ५८ किलो वजनाला १३० जास्त होईल का?

निवृत्त_महू

लांबीचा प्रश्न मिटला, बूट घ्यावेत. उजव्या पावलाचे ५ मिलिमीटर हे तळपट्टीचे काम आहे आणि ते सर्वप्रथम करा. ती आल्यानंतर मुंग्यांची तपासणी पुन्हा करा. त्या उरल्याच, तर तळाची फळी एक-दोन मिलिमीटर घासा, जीभ पातळ करण्याच्या फंदात आताच पडू नका.

१३० तुमच्या वजनाला, माझ्या मते, जास्त आहे. बूट वाकत नसेल तर नडगी जिभेवर दाब देण्याऐवजी मागे राहते, वजन टाचेवर जाते आणि वळणाची सुरुवात हातची सुटते. बऱ्याच रेसिंग बुटांच्या मागच्या कण्यावर दोन बोल्ट असतात. त्यांपैकी वरचा काढून पाहा, आणि हे गुलमर्गच्या थंडीतच करा. बोल्ट परत बसवता येतो, शेल कापून मऊ केलेला बूट पुन्हा कडक करता येत नाही.

पाऊल_आणि_घोटा (फिजिओथेरपिस्ट, इंदूर)

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. घोट्याची हालचाल चांगली असल्यामुळे बोल्ट काढण्यापूर्वी वरच्या पट्ट्याच्या जागी लवचिक पट्टा लावून पाहावा, कारण दाब हळूहळू वाढू लागला की नडगीचे दुखणेही कमी होते आणि बुटाची मूळ पकड शाबूत राहते. अर्थात, अखेरचा निर्णय बर्फावरच व्हावा, हे साहेबांचे म्हणणे बरोबर आहे.

पिथमपूरचा_साचेवाला

बाहेरचा तळ मात्र कोणीही हौसेने घासू नये. त्याच्या पुढच्या आणि मागच्या ओठांची (बाहेर आलेल्या कडांची) जाडी बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरणाऱ्या यंत्रणेच्या) मानकाप्रमाणे अनुक्रमे १९ आणि ३० मिलिमीटर ठेवावी लागते, कारण पडल्यावर बूट स्कीपासून सुटणे त्यावर अवलंबून असते. स्पर्धेच्या नियमांत बुटाच्या आत टाचेची उंची (तळाच्या खालच्या बाजूपासून) ४३ मिलिमीटरपर्यंतच चालते, असे वाचनात आले. तेव्हा टाचेखालची पाचर आणि तळाखालची पट्टी मिळून किती होते, हेही तपासून ठेवा. कडेचे हाड घासायचे असेल, तर एखाद्या रविवारी बूट आणि लिपस्टिक घेऊन पिथमपूरला या, ग्राइंडर माझ्याकडे आहे. तळपट्टी मात्र आधी तयार करून आणा.