मदत हवी आहे: दहापैकी आठ शेतांत फरक दिसला, तरी ‘एन. एस.’ (नॉट सिग्निफिकंट, म्हणजे फरक सार्थ नाही) कसं?

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला. सांख्यिकीत पहिल्यापासून कच्चा, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

प्रकल्पासाठी गावातल्या 10 शेतकऱ्यांचं सोयाबीन घेतलं. प्रत्येकाच्या एका एकरापैकी अर्ध्या एकरात रायझोबियमची (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया केलेलं बियाणं (10 किलोला 250 ग्रॅमचं पाकीट, नेहमीचंच), उरलेल्या अर्ध्यात बिनाप्रक्रियेचं. खत, फवारणी, डवरणी सारखीच. थ्रेशरमधून माल वेगवेगळा काढून काट्यावर मोजला. 8 शेतांत प्रक्रियेचा तुकडा पुढे, 2 शेतांत मागे.

मला वाटलं, जमलं. सरांनी चिन्ह चाचणी लावायला सांगितली, म्हणजे किती किलो ते सोडून फक्त किती शेतं पुढे अन् किती मागे एवढंच मोजायचं. त्यातून निघणारा शक्यतेचा आकडा, म्हणजे पी, आला 0.109. सर म्हणाले, 0.05 च्या वर आहे, ‘एन. एस.’ लिही अन् मोकळा हो. घरी बाबांना सांगितलं तर म्हणतात, “दहातले आठ पास झाले तर तुह्या कालेजात नापास म्हणतेत का रे?” मी गप्प.

मित्र म्हणाला, एकतर्फी चाचणी घे, म्हणजे फक्त ‘पुढे’ची बाजू धर, पी अर्धा होतो. घेतली. 0.0547! एवढ्याशासाठी जीव जळतो राजेहो. आता मला सांगा, 0.109 म्हणजे ‘बीजप्रक्रिया निकामी असण्याची शक्यता 11 टक्के’ असंच ना? मग 89 टक्के खात्री काय वाईट आहे? आणि हा 0.05 ठरवला कोणी?

कोरडवाहू: भाऊ, ते 89 टक्के आधी खोडून टाक. निम्मी पोरं इथंच घसरतात, मीही घसरलो होतो. पी काढताना आपण ‘प्रक्रियेनं काहीच होत नाही’ हे धरूनच चालतो, त्यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. जे धरून चाललो त्याचीच शक्यता त्याच गणितातून कशी निघेल?

नाणं घे. प्रक्रिया निकामी असेल तर कोणता तुकडा पुढे जाईल हा निव्वळ छापा-काटा. दहा वेळा उडवलं तर 1024 प्रकारे पडू शकतं. दहाही छापे 1 प्रकारे, नऊ छापे 10 प्रकारे, आठ छापे 45 प्रकारे. बेरीज 56. 56 भागिले 1024 म्हणजे तुझा 0.0547. उलट्या बाजूचं टोकही धरलं की 0.109. म्हणजे पी एवढंच सांगतो की काही फरक नसतानाही असा किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसेल. साधारण नवातून एकदा.

बाबांनाही सांग, ‘एन. एस.’ म्हणजे नापास नाही. समज, प्रक्रिया खरंच चांगली आहे आणि दर शेतात पुढे जाण्याची शक्यता 80 टक्के आहे. तरी 10 शेतांत 9 किंवा 10 वेळा पुढे जाण्याची शक्यता जेमतेम 38 टक्के. आणि 0.05 च्या खाली यायला 9 लागतातच. तुझी चाळणीच मोठ्या भोकांची होती, म्हणजे खरा फरक पकडायला 10 शेतं कमी पडली.

आकडेताई: 0.05 बद्दल. रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते, म्हणजे आपल्याच गोत्रातले. 1925 च्या पुस्तकात त्यांनी विसातून एकदा ही मर्यादा सोयीची म्हणून धरली. सोयीची, बरं का. 0.049 आणि 0.051 यांच्यामध्ये कुठलाही धुरा घातलेला नाही.

पण म्हणून निकाल पाहून एकतर्फी चाचणी घ्यायची नाही. 8 शेतं मागे राहिली असती तर तू दुसरी बाजू धरली असतीस ना? सार्थकता पातळी (ती 0.05 सारखी मर्यादा) आणि चाचणी पेरणीआधी ठरवायची. मित्राचा सल्ला म्हणजे ढेकूळ पडल्यावर त्याच्याभोवती रिंगण आखणं.

एक विचारते, कारण ते कोणीच विचारलं नाही. कोणत्या तुकड्यात प्रक्रियेचं बियाणं टाकायचं हे कसं ठरवलं?

धागाकर्ता: ताई, ते शेतकऱ्यांनीच ठरवलं. बहुतेकांनी रस्त्याकडचा तुकडा दिला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. आता आठवतं, आमच्या खाली नाला आहे आणि नाल्याकडच्या भागात पाणी साचते. रस्त्याकडची जमीन चढावर. मागे राहिलेल्या दोघांनी मात्र नाल्याकडचा तुकडा दिला होता.

आकडेताई: मग 0.0547 की 0.109 हा वादच सोड. ते छापा-काट्याचं गणित तेव्हाच लागू पडतं जेव्हा तुकडा खरंच नाणं उडवून निवडलेला असतो. तुझे आठ चढावरचे आणि दोन नाल्याकडचे. हा फरक बियाण्याचा की पाण्याचा, ते पी सांगू शकत नाही. 0.001 आला असता तरी हेच म्हटलं असतं.

कोरडवाहू: ताईंनी मुळालाच हात घातला. अहवालात पी आहे तसा लिही, दोन्ही बाजूंचा, 0.109. सोबत एकरी किती किलोचा फरक पडला ते लिही, शेतकरी आधी तेच विचारतो. आणि तुकडे कसे निवडले तेही लपवू नको.

धागाकर्ता: लिहितो. सरांना काय सांगू ते बघतो. पुढच्या मृगात परत करायचं ठरलं तर दर शेतावर रुपयाचं नाणं घेऊनच जाईन. बाबा म्हणाले, “अन् पंचवीस शेतं घे, दहात काय भागते!” त्यांना चाळणीचं बरोबर कळलं होतं.