एमएस्सी ऑरगॅनिक, दुसरं वर्ष: 'स्किल्स वाढवा' म्हणतात, म्हणजे नक्की काय करू?

शेवटचा_बेंच:
नमस्कार. तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट बिगिनेली रिॲक्शनवर आहे (तीन रसायनं एकाच भांड्यात जोडायची): बेंझाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट, युरिया, आणि कॅटॅलिस्ट म्हणून लिंबाचा रस (ग्रीन केमिस्ट्री!). सिनियर म्हणतात, प्रोजेक्टचं एवढं काही नसतं, मागच्या बॅचचा रिपोर्ट घे आणि आकडे इकडेतिकडे कर. प्लेसमेंटचे सर म्हणतात स्किल्स वाढवा. म्हणून दिसेल तो वेबिनार करतोय, ई-सर्टिफिकेटांनी फोल्डर भरलंय. पुढच्या महिन्यात कॅम्पस आहे. नेट (सीएसआयआरची फेलोशिप-लेक्चररशिपची परीक्षा) पण द्यायची आहे. कशावर जोर देऊ?

कुरकुंभकर:
ती सर्टिफिकेटं फाइलच्या तळाशी ठेव. मी एपीआय, म्हणजे गोळीतलं मूळ औषधी रसायन, बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस आर अँड डीला आहे, फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यूला मला बसवतात. ती पानं मी तरी उलटत नाही. मी एवढंच बघते की स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा हिशोब पोराला देता येतो का. आणि त्यासाठी तुझा प्रोजेक्ट झकास आहे. १८९१ सालची रिॲक्शन, रसायनं स्वस्त, प्रॉडक्ट घन, शुद्ध करायला कॉलम (क्रोमॅटोग्राफी) लावायचीही गरज नाही.

मी काय विचारेन ते सांगते. काय किती घेतलंस? समज बेंझाल्डिहाइड १.०६ ग्रॅम आणि इथाइल ॲसिटोॲसिटेट १.३० ग्रॅम, म्हणजे दोन्ही १० मिलिमोल. युरिया ०.९० ग्रॅम, १५ मिलिमोल. प्रॉडक्टचा रेणुभार २६०. सगळं शंभर टक्के झालं तरी हातात २.६० ग्रॅमच येणार. मग रिपोर्टात २.७० ग्रॅम दिसलं की मी विचारणार, वाळवलं किती वेळ? लागोपाठ दोन वजनं सारखी आली का? जास्तीचा युरिया थंड पाण्याने धुऊन काढला का? इथे 'सरांनी सांगितलं तसं केलं' असं उत्तर आलं की इंटरव्ह्यू तिथेच संपतो.

पुढचा प्रश्न लिंबाचा. लिंबू न घालता एकदा तरी रिॲक्शन लावलीस का? तेच तापमान, तेवढाच वेळ. आणि एकदा नुसतं सायट्रिक ॲसिड घालून? या दोन फ्लास्कशिवाय लिंबाने काही केलं असं तुला म्हणताच येणार नाही. 'रिसर्च स्किल' म्हणून जे वेबिनारात विकतात ते मला विचारशील तर या दोन फ्लास्कमध्ये आहे. रस किती मिली आणि पीएच किती, हेही लिही. 'एका लिंबाचा रस' हे सरबताचं माप झालं.

बेंझाल्डिहाइडची बाटली जुनी असेल तर तोंडाशी पांढरी खपली बघ. ते बेंझोइक ॲसिड, हवेतल्या ऑक्सिजनने तयार झालेलं. तू वजन केलंस १.०६ ग्रॅम, पण त्यात आल्डिहाइड कमीच. आधी डिस्टिल करून घे, नाहीतर कमी यील्डचं खापर लिंबावर फुटेल.

प्रॉडक्टचा मेल्टिंग पॉइंट २०२ ते २०४ अंश सेल्सिअसच्या आसपास यायला हवा. 'सुमारे २००' लिहू नकोस, वितळायला कधी लागलं आणि पूर्ण कधी वितळलं ते दोन्ही आकडे लिही. थील ट्यूबमध्ये (मेल्टिंग पॉइंट बघायची तेलाची काचनळी) साधं पॅराफिन असेल तर एवढ्या तापमानाला धूर करतं, सिलिकॉन ऑइल माग.

नोटबुक पेनानेच. चुकलं तर एक रेघ, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर अजिबात नाही, आमच्याकडे त्यावरून ऑडिटमध्ये शेरा येतो. फसलेली रिॲक्शनसुद्धा तारखेसकट लिहायची. आणि सिनियरांचे आकडे इकडेतिकडे करायचा सल्ला ऐकू नकोस. नैतिकता बाजूला ठेव, ते पकडायला आम्हाला दोन प्रश्न पुरतात.

पीएचडी_चालू_आहे:
ताईंचं सगळं मान्य, पण सगळेच कंपनीत जाणार नाहीत. सीएसआयआर-नेटमध्ये २०० पैकी १०० मार्क एकट्या पार्ट सीला आहेत. चार मार्कांचा एक प्रश्न, चुकला की एक मार्क गेला. तिथे पाठांतर चालत नाही, मेकॅनिझम लागतं. तुझ्याच बिगिनेलीपासून सुरुवात कर: आधी युरिया आणि आल्डिहाइड जोडले जातात, एन-असाइलइमिनियम आयन (मधल्या टप्प्यातला धनभारित कण) बनतो, मग इथाइल ॲसिटोॲसिटेट येऊन चिकटतं. हे कोरा कागद घेऊन बाण मारत काढता येतं का बघ.

पेपर वाचताना ॲबस्ट्रॅक्टवर थांबू नकोस. सरळ सपोर्टिंग इन्फर्मेशन (पेपरसोबतची सविस्तर प्रयोगाची पुरवणी) उघड, ती बहुतेक वेळा फुकट असते. त्यातल्या प्रोसिजरशी आपली जुळवून बघ. रेफरन्स पहिल्या दिवसापासून झोटेरोमध्ये (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाक, रिपोर्टच्या आदल्या रात्री हाताने नंबर टाकत बसणाऱ्यांची दया येते मला.

शेवटचा_बेंच:
ताई, सर, मनापासून आभार. लिंबाशिवायची रिॲक्शन उद्याच लावतो. दोन अडचणी आहेत. आमच्याकडे एनएमआर (रेणूतले प्रोटॉन पीकच्या रूपात दाखवणारं यंत्र) नाही, आणि इंग्रजी बोलताना फाफलतो.

कुरकुंभकर:
इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. पॅनेलवर मराठी माणूस असतोच, अडलं तर 'मराठीत सांगू का' विचार. बॅच रेकॉर्ड इंग्रजीत असतं, म्हणून लिहिण्यातलं इंग्रजी मात्र साफ हवं: काय घातलं, किती, कधी, काय दिसलं. छोटी वाक्यं.

एनएमआर बाहेरून करून घे. विद्यापीठाची इन्स्ट्रुमेंट लॅब असते, शिवाय आय-स्टेम पोर्टलवर कुठलं यंत्र कुठे आहे ते सापडतं. पैसे लागतात, म्हणून शेवटच्या शुद्ध नमुन्याचाच कर. आणि पाठवण्याआधी नीट वाळव. तू इथेनॉलमधून रिक्रिस्टलाइझ करणार ना? डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये इथेनॉलचा ट्रिप्लेट (तीन फाट्यांचा पीक) १.०६ पीपीएमला येतो आणि तुझ्या प्रॉडक्टमधल्या एस्टरचा १.०९ च्या आसपास. दोन्ही एकमेकांवर बसतात. तीन प्रोटॉनच्या जागी इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ) साडेतीन-चार आलं की पोरं 'मशीनची चूक' म्हणून सोडून देतात. तेव्हा ३.४४ ला इथेनॉलचा क्वार्टेट (चार फाट्यांचा पीक) शोध, ३.३३ च्या पाण्याच्या पीकशेजारी दबलेला असतो. तुझा स्वतःचा क्वार्टेट ४.० जवळ. शिवाय ५.१ ला एका प्रोटॉनचा पीक, आणि ७.७ व ९.२ ला दोन एनएच. हे पीक तू स्वतः पेन्सिलने ओळखलेस आणि जास्तीचा इथेनॉल किती टक्के आहे ते इंटिग्रेशनवरून काढलंस, तर तो कागद इंटरव्ह्यूला घेऊन ये. मी असेन तर पहिला तोच मागेन.