एएम-जीएमने ६ येतं, उत्तरसूचीत १५/२: कुठे चुकतंय?

परिमेय:
अ, ब, क धन आणि अ + ब + क ≤ ३/२. प = अ + ब + क + १/अ + १/ब + १/क याची किमान किंमत काढायची आहे. सहाही पदांना एकदम एएम-जीएम (धन संख्यांची अंकगणिती सरासरी ≥ भूमितीय सरासरी, बरोबरी सगळ्या समान असताना) लावलं. गुणाकार १, म्हणून प ≥ ६. उत्तर १५/२ दिलंय. एकही पायरी चुकलेली दिसत नाही.

काटकोन:
पायरी बरोबरच आहे, प ≥ ६ हे खरंच आहे. पण ६ ला किमान म्हणायचं तर प कुठेतरी ६ झाला पाहिजे. बरोबरी येते अ = ब = क = १ ला, आणि तिथे बेरीज ३ होते. अट मोडली! मुळात ३/२ कुठे वापरलाच नाही, शंका तिथेच यायला हवी.

आधी बरोबरीचा बिंदू ताडा. सममिती बघता अ = ब = क = १/२. तिथे अ = १/२, पण १/अ = २. दोन्ही समान व्हायला अ ला ४ ने गुणा:

४अ + १/अ ≥ ४

ब, क साठीही तसंच. तिन्हींची बेरीज १२ किंवा जास्त. त्यात ३(अ + ब + क) जादा घेतलेत, ते फार तर ९/२. वजा केले की प ≥ १२ − ९/२ = १५/२.

अट ≥ ३/२ अशी असती तर ही वजाबाकी चालली नसती, आणि गंमत म्हणजे तुमचं ६ बरोबर ठरलं असतं.

शून्यलब्धी:
कोशीच्या असमानतेनेही होतं. स = अ + ब + क धरा. १/अ + १/ब + १/क ≥ ९/स, म्हणून प ≥ स + ९/स. इथे बरेच जण थेट स = ३/२ ठेवून मोकळे होतात आणि गुण घालवतात. स कमी केला की पहिलं पद घटतं, दुसरं वाढतं, त्यामुळे हे दाखवावंच लागतं:

स + ९/स − १५/२ = (२स − ३)(स − ६)/(२स)

स ≤ ३/२ असताना दोन्ही कंस ≤ ०, म्हणून गुणाकार ≥ ०.

परिमेय:
स + ९/स ला पुन्हा एएम-जीएम लावलं तर?

काटकोन:
परत ६ च, कारण बरोबरी स = ३ ला. ओळीने दोन असमानता लावल्या की दोन्हींची बरोबरी एकाच बिंदूवर हवी, आणि तो बिंदू अटीत बसणारा हवा. आता अट अ + ब + क ≤ १ करून सोडवा. ४ च्या जागी ९ येईल, उत्तर १०.